मोजमापाचा खर्च

राजुरीत दुधाला भाव मिळतो तो मोजून. आळेफाट्याहून बेल्ह्याकडे निघालं की कल्याण-नगर रस्त्यालगत हे आमचं गाव लागतं. शेतात कांदा आहे, ऊस आहे, टोमॅटो आहे; पण घरात दर दहा-पंधरा दिवसांनी खात्रीने येणारा पैसा गोठ्यातून येतो. सकाळ-संध्याकाळ किटल्या संकलन केंद्रावर पोचतात, काट्यावर वजन होतं, यंत्रात नमुना जातो आणि पावतीवर दोन आकडे उमटतात: फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातलं स्निग्ध आणि स्निग्धाव्यतिरिक्तचे घन पदार्थ. गाईच्या दुधासाठी 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून दर ठरतो. त्याखाली एकेक पॉइंट घसरला की दरातून पैसे कापले जातात. त्यामुळे दूध किती लिटर झालं याच्या जोडीनेच गावात विचारलं जातं, "आज फॅट किती लागली? एसएनएफ किती लागला?"

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फार शिकलेले नव्हते. पण केंद्रावरच्या सेक्रेटरींना ते अधूनमधून विचारायचे, "तात्या, मशीन तपासायला माणूस कधी आला होता?" तात्याही रागावत नसत. रजिस्टर उघडून तारीख दाखवत. यंत्र एकदा आणून ठेवलं म्हणजे काम संपलं असं दोघांपैकी कोणीच मानत नव्हतं. ते रोज धुवावं लागतं, ठरावीक काळाने प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहावं लागतं, चालवणाऱ्याचा हात सरावाचा असावा लागतो. आणि या सगळ्याला पैसा लागतो. हा पैसा कोणी वाचवायला गेलं, तर नुकसान ज्याचं दूध असतं त्याचं होतं.

पुढे माझ्या नोकरीचा बहुतेक काळ पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या सूक्ष्मदर्शक विभागात गेला. तिथे दूध नव्हतं, पण प्रश्न हाच होता: मोजणाऱ्या यंत्राच्या मागचा खर्च कोण करणार? वैद्यकीय संशोधनाला अनुदान मिळतं. रोगाच्या नावाने मिळतं, औषधाच्या नावाने मिळतं, नव्या उपकरणाच्या खरेदीसाठीही मिळतं. मोजमापासाठी, म्हणजे ते उपकरण चालतं राहावं, त्याचा आकडा खरा असावा आणि संशोधन चालू असताना लागणारी एखादी जास्तीची मोजणी करता यावी यासाठी, मिळणारा पैसा फार थोडा आहे आणि तो वेळेवर येत नाही. या पूरक निधीची बाजू मला मांडायची आहे.

आमच्या विभागाचं काम ज्या सूक्ष्म मापाशी असे, ते दुधातही आहे. दुधातले स्निग्धाचे गोळे सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात. केसिन या प्रथिनाचे कण त्याहून कितीतरी लहान, साधारण 150 नॅनोमीटरच्या आसपास. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्निग्ध काढून घेतलेलं दूधही पांढरं दिसतं, ते प्रकाश विखुरणाऱ्या या केसिनच्या कणांमुळे. शरीरातल्या पुष्कळ महत्त्वाच्या गोष्टी याच मापाच्या किंवा त्याहून लहान आहेत. डीएनएच्या धाग्याची जाडी दोन नॅनोमीटर. पेशी एकमेकींना निरोप पाठवण्यासाठी ज्या पुटिका बाहेर सोडतात, त्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या. बरेच विषाणू याच पट्ट्यातले. आणि अलीकडची बरीच औषधं ज्या स्निग्ध आवरणात बंद करून देतात ते लायपोसोमही शंभर नॅनोमीटरच्या आगेमागे.

इतकं लहान मोजायचं कसं? साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा अर्न्स्ट अॅबे यांनी 1873 मध्येच सांगून ठेवली होती. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे दोनशे नॅनोमीटरहून, जवळ असलेल्या दोन गोष्टी त्याला वेगळ्या दाखवता येत नाहीत. 1931 मध्ये बर्लिनला अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून पाहिले आणि तिथून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घडत गेला. 1986 मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी अॅटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शक, म्हणजे एएफएम, जगापुढे ठेवला. त्यात अत्यंत बारीक टोकाची सुई नमुन्यावरून फिरते आणि त्याचे उंचसखल भाग टिपते. तिसरी पद्धत डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे डीएलएस. द्रवात तरंगणाऱ्या कणांवर लेसर टाकायचा, विखुरलेला प्रकाश किती वेगाने लुकलुकतो ते पाहायचं आणि त्यावरून कणांचा आकार काढायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एका कणाला एकच माप असणार. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला तसंच वाटायचं. एकाच बाटलीतला नमुना तीन यंत्रांवर गेला की तीन आकडे यायचे आणि त्यांचे चेहरे पडायचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी असते. नमुना तांब्याच्या इवल्याशा जाळीवर वाळवावा लागतो, त्यात मऊ कण आक्रसतात किंवा चपटे होतात. एएफएमच्या सुईलाही स्वतःची जाडी असते, म्हणून कण आडवा मोजला तर फुगलेला दिसतो. उंची मात्र बरोबर मिळते. डीएलएसमध्ये कणाभोवतीच्या पाण्याचा थरही कणाबरोबर मोजला जातो. शिवाय इतक्या लहान कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दहा नॅनोमीटरच्या कणापेक्षा शंभर नॅनोमीटरचा एक कण जवळपास दहा लाख पट प्रकाश विखुरतो. नमुन्यात मूठभर मोठ्या गुठळ्या असल्या, तर बाकीचे लक्षावधी लहान कण त्या झगमगाटात बुडून जातात. यंत्र खोटं बोलत नाही. कोणत्या यंत्राला काय विचारायचं आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं, हे मात्र माणसाला ठाऊक असावं लागतं. तेवढं कळायला वर्षं जातात.

मापावर इतका जीव का टाकायचा? कारण शरीर मापावरूनच निर्णय घेतं. साधारण साडेपाच नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडतात. दोनशे नॅनोमीटरहून मोठे कण प्लीहा आणि यकृत गाळून घेतात. मधल्या पट्ट्यातले कण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात आणि आजारी अवयवापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. औषध तेच, मात्रा तीच, फक्त कणाचं माप बदललं, तर औषध कुठे जाईल आणि किती त्रास देईल हे बदलू शकतं.

हे महाराष्ट्राने 2021 मध्ये फार जवळून पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्युकरमायकोसिसचे, रुग्ण वाढले. सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत आपलं राज्य होतं. ॲम्फोटेरिसिन बी हे त्यावरचं प्रमुख औषध. ते जुन्या स्वरूपात दिलं तर मूत्रपिंडाला इजा करतं. तेच लायपोसोमच्या आवरणात दिलं की हा धोका बराच कमी होतो आणि जास्त मात्रा देता येते. त्या मे-जून महिन्यांत गावोगावचे नातेवाईक "लायपोसोमलच पाहिजे" म्हणून दुकानामागून दुकान पालथं घालत होते. तो शब्द तोवर प्रयोगशाळेच्या भिंतींआड होता. एकाएकी तो एसटी स्टँडवर ऐकू येऊ लागला. या औषधावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी कित्येक वर्षं काम केलेलं होतं. अशा कामात रसायन जितकं लागतं तितकंच मोजमाप लागतं. प्रत्येक घाण्यात कण ठरल्या मापाचे आहेत का, ठेवून दिल्यावर ते फुटतात का, औषध आत किती आणि बाहेर किती, हे दर वेळी दाखवावं लागतं.

कर्करोगावरच्या डॉक्सिल या औषधाची गोष्टही अशीच. अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळालेलं हे लायपोसोमचं पहिलं मोठं औषध. 2011-12 मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं तशाच प्रकारचं औषध मागवण्याची मुभा अमेरिकी औषध प्रशासनाने दिली आणि 2013 मध्ये त्याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला मान्यता मिळाली. साध्या गोळीचं जेनेरिक करताना औषध तेच आहे आणि रक्तात तितकंच उतरतं एवढं दाखवलं की बहुतेक काम होतं. लायपोसोमचं जेनेरिक करताना कणांच्या आकाराचं वाटपही मूळ औषधाशी जुळतं, याचा पुरावा द्यावा लागतो. स्वस्त औषध रुग्णापर्यंत पोचायचं असेल, तर आधी कोणीतरी नॅनोमीटर नीट मोजलेला असावा लागतो. भारतातही जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर 2019 मध्ये अशा औषधांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. तत्त्वं कागदावर आली. ती पाळण्यासाठी लागणारी मोजणारी माणसं आणि चालू स्थितीतली यंत्रं मात्र त्या प्रमाणात उभी राहिलेली नाहीत.

जेव्हा ती उभी असतात तेव्हा काय होतं याचं उदाहरण पुण्यातच आहे. देशातला पहिला कोविड रुग्ण 30 जानेवारी 2020 रोजी केरळात नोंदला गेला. त्याच्या घशातल्या स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि मार्चमध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्या विषाणूची छायाचित्रं छापून आली. कणाचं माप 75 नॅनोमीटर, भोवती देठासारखे काटे. वर्तमानपत्रांनी ते चित्र छापलं आणि लोक विसरले. आमच्या क्षेत्रातल्या माणसांना त्याचं मोल वेगळं वाटलं. रुग्णाच्या स्रावात विषाणूचे कण विरळ असतात, कचरा भरपूर. जाळीवर थेंब ठेवायचा, जड धातूच्या क्षाराने पार्श्वभूमी गडद करायची आणि मग अंधाऱ्या खोलीत बसून चौकोनामागून चौकोन शोधत राहायचं. पुटिका कोणती, पेशीचा तुकडा कोणता आणि विषाणू कोणता, हे ओळखणारा डोळा महिन्याभरात तयार होत नाही. ही संस्था 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. तेव्हापासून तिथे विषाणूंवर सातत्याने काम होत आलं, म्हणून 2020 च्या त्या आठवड्यांत हात आणि यंत्र दोन्ही तयार होते. संकट आल्यावर पैसा ओतून यंत्र आणता येतं. डोळा आणता येत नाही.

आता पैशाकडे येते. आपल्याकडे संशोधनाचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा मंजूर होतो. अर्ज करतानाच उपकरणं, रसायनं, मनुष्यबळ, प्रवास अशी शीर्षं पाडून आकडे भरावे लागतात. एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवायचा तर परवानगी लागते. पैसा हप्त्यांनी येतो आणि आधीच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. सरकारी पैशाचा हिशेब असायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण निराळीच आहे. कोणती मोजणी लागणार हे संशोधकाला पहिल्या दिवशी ठाऊक नसतं. ते काम पुढे गेल्यावरच कळतं.

आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीचं काम मला आठवतं. औषध वाहून नेणारे कण तिने मोठ्या मेहनतीने तयार केले होते आणि पाण्यात ते सुरेख एकसारखे होते. प्रकल्पाच्या उत्तरार्धात तिने ते रक्तद्रवात मिसळून पाहिले, तर त्यांच्यावर प्रथिनांचं कवच चढलं, काही एकमेकांना चिकटले आणि मोजलेलं मापच बदललं. हे तिचं अपयश नव्हतं; तिच्या कामातला सर्वांत मोलाचा शोध तोच होता. आता पुढचा प्रश्न असा की, कवच किती जाड आहे आणि कण त्याच्या आत शाबूत आहे का? त्यासाठी नमुना न वाळवता क्षणात गोठवून पाहावा लागतो, म्हणजे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. ज्या तंत्राला 2017 चं नोबेल मिळालं ते हे. ते यंत्र दुसऱ्या शहरात. वापराचं शुल्क, नमुना नेण्याचा खर्च, तिथल्या तज्ज्ञाचा वेळ, हे कशातच बसत नव्हतं, कारण प्रकल्पाच्या अर्जात ते लिहिलेलं नव्हतं. मागितलेली रक्कम मूळ अनुदानाच्या मानाने अगदी किरकोळ होती. परवानगी येईपर्यंत तिची शिष्यवृत्ती संपत आली. प्रबंधात तो प्रश्न 'पुढील संशोधनाची दिशा' या मथळ्याखाली राहिला. हे एकीचं दुखणं नव्हे. अशी अर्धवट राहिलेली वाक्यं मी पुष्कळ प्रबंधांच्या शेवटी वाचली आहेत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानपद्धतीत यावर एक सोपा उपाय आहे. चालू असलेल्या प्रकल्पाला, त्याच्या मूळ उद्दिष्टाच्या चौकटीत राहून, पूरक रक्कम मागता येते. नवा प्रकल्प लिहायचा नाही. काय सापडलं, त्यामुळे कोणती मोजणी आता गरजेची झाली आणि तिला किती खर्च येईल, एवढं सांगायचं. अशा रकमेचा फायदा असा की, ती योग्य जागी पडते. माणसं तयार आहेत, नमुना तयार आहे, प्रश्न धारदार झालेला आहे. फक्त शेवटची पायरी उरलेली आहे.

आपल्याकडेही हे जमतं, याचा पुरावा पुण्याजवळ हिंजवडीत आहे. जिनोव्हा या कंपनीने देशातली पहिली एमआरएनए लस विकसित केली. ती 2 ते 8 अंश तापमानात, साध्या फ्रीजमध्ये राहू शकते. एमआरएनए उघडा दिला तर शरीरात लगेच तुटतो, त्याला सूक्ष्म वाहक लागतो आणि त्या वाहकाचं माप ही लसीची जीवनदोरी असते. जैवतंत्रज्ञान विभागाने या कामाला आधी प्राथमिक टप्प्यासाठी मदत दिली आणि काम पुढे सरकल्यावर नऊशे कोटींच्या 'मिशन कोविड सुरक्षा' योजनेतून पुढच्या टप्प्यासाठी आणखी पैसा दिला. जून 2022 मध्ये लसीला आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली. म्हणजे चालत्या कामाला वेळेवर जास्तीची रक्कम देणं आपल्या व्यवस्थेला अशक्य नाही. ते साथीच्या काळात होतं, एरवी होत नाही, एवढाच फरक.

दुसरी बाजू यंत्रांची. 2007 मध्ये केंद्राने एक हजार कोटींचं नॅनो मिशन सुरू केलं, तेव्हा देशभर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्या पैशाने एक पिढी घडली, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. पण महागड्या यंत्राचा देखभालीचा खर्च दरवर्षी किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्के असतो. खरेदी एकदाच होते, देखभाल जन्मभर करावी लागते. देखभालीचा वार्षिक करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, त्याचं नूतनीकरण अडलं म्हणून एक उत्तम यंत्र महिनोन् महिने झाकून ठेवलेलं मी पाहिलं आहे. त्या काळात त्यावर शिकलेला तरुण तंत्रज्ञ कंत्राट संपून एका औषध कंपनीत गेला. यंत्र पुढे दुरुस्त झालं. त्याच्याइतका सराव असलेलं कोणी मिळालं नाही. आपल्या हिशेबात यंत्राची किंमत लिहिली जाते, त्या तरुणाची लिहिली जात नाही.

या बाबतीत मला नेहमी खोडदचा आधार वाटतो. राजुरीहून खोडद जवळ आहे. तिथली दुर्बीण, जीएमआरटी, आमच्या लहानपणी उभी राहत होती. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा खोडदजवळ एकत्र आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, दूर गावांच्या शिवारांत. गोविंद स्वरूप यांनी दोऱ्या आणि तारांची जाळी वापरून या तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या. त्यांच्या या कल्पकतेबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यापुढचा अध्याय अधिक बोलका वाटतो. गेल्या दशकात या दुर्बिणीचं नूतनीकरण झालं. तबकड्या त्याच राहिल्या. त्यांच्या नाभीवरचे संवेदक, ग्राहक यंत्रणा, सिग्नल वाहून नेणारी आणि त्यावर प्रक्रिया करणारी इलेक्ट्रॉनिक्स बदलली. एका वेळी ऐकता येणारा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेला. नवी दुर्बीण बांधली असती तर जो खर्च लागला असता, त्याच्या लहानशा अंशात ही ताकद मिळाली.

त्याचं फळ 29 जून 2023 रोजी दिसलं. युरोपातल्या आणि भारतातल्या खगोलशास्त्रज्ञांनी, जगातल्या इतर गटांच्या बरोबरीने, अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर केला. एका आंदोलनाला वर्षानुवर्षं लागतात, अशा नॅनोहर्ट्झ वारंवारतेच्या या लहरी. युरोपीय दुर्बिणींकडे स्पंदकांच्या, म्हणजे पल्सर ताऱ्यांच्या, पंचवीस वर्षांच्या नोंदी होत्या. पण दूरच्या स्पंदकांचे संकेत वाटेतल्या विरळ वायूमुळे किती उशिरा पोचतात, हे कमी वारंवारतेवर नेमकं मोजण्याची सोय खोडदला होती. त्या मोजणीने मूळ नोंदी अधिक विश्वासार्ह झाल्या. मोठ्या कामाला नेमक्या जागी दिलेली पूरक मोजणी काय करू शकते, हे आमच्याच तालुक्यात सिद्ध झालं आहे. खगोलशास्त्राने हे साधलं, कारण तिथे एकच मोठं यंत्र, एकच मोठी संस्था आणि ते जपणारी कायम माणसं होती. वैद्यकीय मोजमापाची यंत्रं शेकडो विभागांत विखुरलेली आहेत. त्यांचा असा कोणी धनी नाही.

एक आक्षेप मला गावातही ऐकू येतो आणि तो रास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला माणूस नसतो, तिथे नॅनोमीटर कसले मोजता? ज्या देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्क्यांच्या आसपास आहे, तिथे प्रत्येक रुपयाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझं उत्तर सिकलसेलच्या रुग्णांकडे बोट दाखवतं. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत, गडचिरोलीच्या माडियांत पिढ्यान् पिढ्या दुखणं भोगणाऱ्या या माणसांचा आजार हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदलल्याने होतो. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला रेणूचा आजार म्हटलं. सहा-एक नॅनोमीटरचा तो रेणू प्राणवायू सोडल्यावर साखळ्या बांधतो, सुमारे वीस नॅनोमीटर जाडीचे दोर तयार होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं लक्ष्य 2047 आहे. नवं औषध हे दोर खरंच रोखतं का, हे शेवटी कोणीतरी याच मापावर मोजून दाखवणार आहे. नॅनोमीटर ही श्रीमंतांच्या आजारांची बाब नाही. आणि आरोग्य केंद्रातला तंत्रज्ञ व सूक्ष्मदर्शकावरचा तंत्रज्ञ एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. मोजणाऱ्या माणसाला दुय्यम समजण्याच्या एकाच सवयीचे ते दोघेही बळी आहेत.

करायचं काय, ते फार अवघड नाही. जैववैद्यकीय प्रकल्प मंजूर करतानाच मोजमापाच्या पूरक निधीची वाट मोकळी ठेवावी; अर्ज दोन पानांचा असावा आणि निर्णय काही आठवड्यांत व्हावा. जे यंत्र सरकारी पैशाने येईल त्याच्याबरोबर त्याच्या आयुष्यभराची देखभाल आणि एका प्रशिक्षित तंत्रज्ञाचं कायम पद मंजूर व्हावं. नामवंत प्रयोगशाळांनी एकच नमुना वाटून घेऊन मोजावा आणि आकडे जुळतात का ते उघडपणे मांडावं. अमेरिकेत राष्ट्रीय मानक संस्थेने 10, 30 आणि 60 नॅनोमीटरचे सोन्याचे संदर्भकण याचसाठी उपलब्ध करून दिले. आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा 'भारतीय निर्देशक द्रव्य' तयार करते, तिला या मापासाठी बळ द्यावं. आणि ज्याला पूरक पैसा मिळेल त्याच्यावर एक अट असावी: यंत्र बाहेरच्यांना खुलं ठेवलं पाहिजे. जुन्नर-मंचरच्या महाविद्यालयातल्या मुलीला पुण्याच्या यंत्रावर वेळ मिळालाच पाहिजे. आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर यंत्रांची यादी आहे. यादीतलं यंत्र चालू स्थितीत असणं हा पुढचा टप्पा आहे.

पैसा कुठून, असंही विचारलं जाईल. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी 2023 ते 2028 या पाच वर्षांत पन्नास हजार कोटी उभे करायचे आहेत आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. 2019 पासून कंपन्यांना आपला सामाजिक दायित्वाचा निधी सरकारी संशोधन संस्थांना देता येतो. हा पैसा बहुधा नव्या इमारतींकडे आणि नव्या यंत्रांकडे वळतो, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं.

म्हणून कंपन्यांच्या समित्यांवर बसणाऱ्यांना, विद्यापीठांच्या अधिकार मंडळांतल्या सदस्यांना आणि आपापल्या खासदारांना भेटणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी एक विनंती आहे. कोणी नवं उपकरण मागायला आलं, तर त्याला एवढंच विचारा: पाचव्या वर्षी याची देखभाल कोणत्या पैशातून होणार, आणि ते चालवणाऱ्याचा पगार कोण देणार? उत्तर तयार नसेल, तर आधी त्या पैशाची सोय करा आणि मगच उपकरण घ्या.